हिरवी की पांढरी

१३ जाने. ८६

मंगलचं बाळ गेलं. मंगल वाचली.
सुंदरबाईची सून, आमच्याच वस्तीतली, पहिलटकरीण. सकाळी आठला कळा सुरू. दहाला हाताला लागलं की बाळ आडवं आहे. उपकेंद्रात होण्यातलं नव्हतं, परभणीलाच न्यायला हवं होतं. फाट्यावर जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, शीट खराब होतंय. अन् वस्तीतलं पेशंट म्हणल्यावर…"  पुढचं ऐकायला मी थांबले नाही. दीड तासानं यष्टी आली. मंगलला बाकावर बसवून नेलं. बसवून! आडव्या बाळाची बाई!
रजिस्टरात एक ओळ भरली. माझं नाव, सही, नर्स.
गाडी घ्यायची. माझी स्वतःची. फाट्यावर कुणापुढं हात जोडायचे नाहीत.

१९ जाने.

दादांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. दादांनी, माझ्या बापानं, एकोणीस वर्षं देशमुखांची गाडी चालवली, त्यांना गाडीचं हसू कसं येईल?
"काय करायचीय गाडी?"
"बाया न्यायच्यात."
"झोपवून न्याव्या लागतील."
"तेच तर."
विडी पेटवली. मग म्हणाले, साधी कार नको, स्टेशन वॅगन बघ. डिकी नसते, मागच्या शीटच्या मागं सपाट जागा असते अन् पाठीमागून दार उघडतं.
पैशाचं इथं लिहायचं नाही. बारा वर्षं नोकरी केली, नवऱ्यानं सोडल्यापासून अंगावर दागिना घातला नाही. पुरे.

२४ जाने.

परभणी. औषधाच्या दुकानाचे अप्पा त्यांची गाडी विकायलेत. तीन वर्षांचीच. पांढरी, छोटी, स्टेशन वॅगनच. काचा लख्ख, शीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. अप्पा मोठे शिवभक्त, बोलायला गोड. गेल्या गेल्या खुर्ची दिली, चहा दिला. त्याच कपात, ज्यात ते पितात. (असलं लिहून ठेवायची सवय जात नाही.)
"अप्पा, झोपून बघू का?"
"कुठं, बाई?"
"गाडीत."
त्यांनी दुकानातल्या माणसाला उगीच आत पाठवलं अन् स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. मी मागून चढले, आडवी झाले. गुडघे मुडपावे लागतात. तिरकं झालं तर थोडं जमतं.
अप्पा म्हणाले, "बाईमाणसाला लय सोयीची. हलकी हाय. गल्लीबोळातून जाती."
सोयीची आहे खरी. पण माझी उंची पाच फूट. अन् मला कळा येत नव्हत्या.

२७ जाने.

दादा पांढरीवर खूश. न बघताच खूश. "नवी हाय ना? मग घेऊन टाक."
संध्याकाळी सुंदरबाई सांगत आली, देशमुखांची हिरवीबी विकायचीय म्हणं. गोठ्यात उभी हाय.
दादा ताटावरून उठले. अर्धी भाकर तशीच.
हिरवी म्हणजे त्यांनी चालवलेली. त्या वेळी जिल्ह्यात तसल्या दोन-तीनच असतील. लांबलचक. लहानपणी मी तिची धूळ खाल्लीय.

३० जाने.

ड्यूटीवरून परस्पर देशमुखांकडे गेले. अण्णासाहेबांच्या आईला रोज इंजेक्शन द्यायला जात होते गेल्या पावसाळ्यात, तेव्हा "या सिस्टर" होते. आज गाडीचं विचारलं तर "किसनची पोर".
गोठ्यात गेले. टपावर कोंबड्या. एका टायरात हवा नाही. रंग गेलेला, पण पत्रा असा की हातानं ठोकला तर हात दुखतो. मागचं दार मी अन् तिथल्या गड्यानं मिळून ओढून उघडलं. आत कडब्याच्या पेंढ्या होत्या, त्या काढल्या आणि झोपले. पाय सरळ. हात डोक्यावर नेले, तरी जागा उरली. बाजूला मी गुडघ्यावर बसू शकते, सलाईन टांगायला वर कडीपण आहे.
झोपल्या झोपल्या मंगल आठवली. उठले.
अण्णासाहेब म्हणाले, "देतो की. पण एक आहे. गावातून न्यायची न्हाई. वेशीच्या बाहेर उभी करायची. अन् रंग बदलायचा. लोक काय म्हनतील, देशमुखाच्या गाडीत…"
"कोण बसलंय?"
"तू समजदार हायस."
समजदार आहे म्हणून तर न बोलता घरी आले.

३१ जाने.

भांडण. असं भांडण आमच्यात कधी झालं नव्हतं.
मी म्हणाले, लांबी बघा दादा, लांबी.
दादा म्हणाले, "ती गाडी मला पुन्ना दारात नको."
मग पहिल्यांदा सांगितलं. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या मोर्च्याला गेले, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर. अण्णासाहेब पायरीवर उभे. म्हणाले, "किसन, चावी खाली ठेव." दादा हातात द्यायला गेले. "खाली म्हणलं." दादांनी मातीत ठेवली. अण्णासाहेबांनी गड्याकडून ती पाण्यानं धुवून घेतली. एकोणीस वर्षं तीच चावी दादांच्या खिशात होती, तेव्हा कधी धुतली नव्हती.
"त्या मोर्च्यानंतर काय काय जळालं, ते तू बघितलंस. मला त्याचं एवढं न्हाई. चावीचं हाय."
  आठ वर्षं हे पोटात ठेवून माणूस सायकलची पंक्चरं काढत बसला.
पांढरीच घेऊ.

६ फेब्रु.

अप्पांना शब्द दिला. चांगला माणूस. म्हणाले, आधी चार दिवस नेऊन बघा, किसनरावांना चालवून बघू द्या, मग कागद करू.
किसनराव! दादांनी ते मला दोनदा सांगायला लावलं.
पांढरी वेशीतून थेट वस्तीत आली. कुणी काही म्हणालं नाही. छोटी आहे, नवी आहे, डॉक्टरची गाडी आली असं वाटलं असेल. पोरांनी आरशात तोंडं बघितली. दादांनी नवा सदरा घातला होता.
मला आनंद का होत नाही?

९ फेब्रु.

आल्या आल्या लिहिते.
दुपारी दोनला पेडगावच्या बाजूच्या मळ्यातून अनुसया. कुणब्याच्या घरची, तिसरं बाळंतपण. घरीच मोकळी झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. नवऱ्यानं बैलगाडीतून उपकेंद्रावर आणली तेव्हा ओठ पांढरे. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. नाही थांबलं. परभणीच.
पांढरी दारात होती. नशीब. पण अनुसया उंच बाई. रक्त जात असलं की बाईला सपाट झोपवायचं, पाय वर करायचे, हे शिकवलेलं आहे. पांढरीत सपाट कुठं? तिरकी केली तरी डोकं शीटच्या पाठीला टेकून मान मुडपायची. शेवटी मागचं दार उघडंच ठेवलं. पाय बाहेर. पायांखाली गोधडीची गुंडाळी. दार वर-खाली आपटत होतं, ते दादांनी आपल्या धोतराचा काठ फाडून बांधलं. मी एका कुशीवर, एक हात तिच्या पोटावर दाबून. नवरा पुढं, मागं बघायची हिंमत नाही. म्हणत होता, "सिस्टर, धूळ लागायली तिच्या पायाला." एवढंच. पुन्हा पुन्हा.
दादांनी काय गाडी चालवली! खड्डा दिसला की आधीच ओरडायचे, "धर!"
वाचली. दोन बाटल्या रक्त चढलं, एक नवऱ्याचं. डॉक्टर मला म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं असती तर.
परत येताना दादांनी नदीवर गाडी थांबवली. मागची फळी धुतली. रक्त, मग माती, मग पुन्हा रक्त. मी मदतीला गेले तर "बस" म्हणाले. धुऊन झाल्यावर पिळलेलं फडकं हातात तसंच.
"तिच्यात सरळ झोपली असती," म्हणाले.
हिरवीचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

१२ फेब्रु.

पांढरी परत केली. अप्पांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. "गाडी छोटी हाय बाई, त्याला मी तरी काय करू," म्हणाले. फळीवर डाग राहिलाय, त्याचे पैसे द्यायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला.
दादा म्हणाले, "हिरवी घ्यायची. पण अट मानायची न्हाई. अन् चावी मी हातात घेणार."

१४ फेब्रु.

अण्णासाहेबांच्या ओसरीवर. मी, दादा, स्टॅम्प पेपर. बसा म्हणाले नाहीत. आम्ही बसलो.
त्यांनी कागद लिहायला घेतला, इंजिन नंबर, रंग, सगळं. लिहून झालं.
मी म्हणाले, "अण्णासाहेब, ती अट राहिली की."
"कोणती?"
"गावातून न्यायची न्हाई. वेशीबाहेर उभी करायची. लिव्हा ना. तुमच्या सहीच्या वर."
"ते काय लिव्हायचं असतंय? जबान हाय."
दादा म्हणाले, "तुमची जबान आठ वर्सांमागं ऐकलीय सरकार. आता कागद. का लिव्हता येत न्हाई?"
लिहिता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. असली अट ज्या कागदावर असेल तो कागद घेऊन मी थेट पोलीस ठाण्यात जाईन, हेही माहीत होतं.
मी म्हणाले, "कागदावर न्हाई ती अट न्हाई."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग गाडीबी न्हाई."
उठून आलो. वाटेत दादा शीळ घालत होते. मला रडू येत होतं आणि बापाचं शीळ घालणं चाललेलं. म्हणे, "भंगारवाल्याशिवाय कोन घेतंय ती? जरा दम धर."

२५ फेब्रु.

भंगारवाला आला होता. टायर काढून दाखवा म्हणाला, इंजिन तेवढं नेतो म्हणाला. अण्णासाहेबांना ते झोंबलं असणार. आज गडी बोलवायला आला.
सही झाली. अट नाही. एक ओळ नाही.
चावी त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवली. दादा हललेच नाहीत. हात पुढं करून उभे. मिनिटभर तरी गेलं असेल. आत बांगड्या वाजल्या, कुणीतरी बघत होतं. शेवटी अण्णासाहेबांनी चावी उचलली आणि दादांच्या हातात दिली. बघितलं नाही, पण दिली.
गाडी ढकलत नेली, दहा-बारा जणांनी. झरीच्या रस्त्यावर मिस्त्रीच्या शेडमध्ये ठेवली. तेवढी हवा आधी भरू दे, मग गावातून वाजत नेऊ.

११ मार्च

दादा दिवसभर गाडीखाली. माझ्याशी बोलणं पायांमार्फत. डावा पाय हलवला की पाना द्यायचा.
सुंदरबाईनं विचारलं, "किसनदादा, जुनंच का घेतलं? लोक नवं घेतेत." दादा खालूनच म्हणाले, "नवं लोकांसाठी असतंय बाई. हे बायांसाठी हाय."
कोंबड्यांची घाण निघाली. रंग तोच ठेवलाय, हिरवा. नवा डबा आणला, त्याच रंगाचा. मिस्त्री म्हणाला, बदला की, आता मालक बदलला. मुद्दाम नाही बदलला.
लर्निंग लायसन आलं. दादा चालवणार नाहीत म्हणतात. डोळे बरोबर नाहीत हे कारण. त्या शीटवर त्यांना परत बसायचं नाही, हे खरं कारण मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे. शिकवतात मात्र. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आहे, माझा हात सारखा खाली जातो. "तिथं कायबी न्हाई, वर बघ!" देवगाव फाट्याच्या रस्त्यावर दोन गाढवं आणि एक तहसीलचा कारकून वाचले.

२० मार्च

पीएचसीचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, खासगी गाडीत पेशंट नेलं तर जबाबदारी कुणाची?" मी म्हणाले, "बसवून नेऊन मेलं तर कुणाची, ते सांगा, मग हे सांगते."  नोटीस येईल बहुतेक. येऊ दे.
गावात निरोप फिरतोय. वेशीतून आली तर बघून घेऊ. कोण बघून घेणार, त्याचं नाव कुणी सांगत नाही.

२३ मार्च, सकाळ

गाडीत बसून लिहितेय. पेन्सिल आहे, म्हणून अक्षर असं.
नऊला शेडमधून निघालो. मी चालवत, दादा शेजारी. पहिल्या सेल्फला सुरू झाली. फाटा, मारुतीचं देऊळ, मग वेस. वेशीत बैलगाडी आडवी लावलेली. बैल नाहीत, माणूस नाही, नुसती गाडी, जू जमिनीवर टेकलेलं.
हॉर्न दिला. पारावरची माणसं बघत राहिली. उठलं कुणी नाही.
देशमुखांचा गडी आला, खाली बघत म्हणाला, "सिस्टर, मागं घ्या. वस्तीला बाहेरून वाट हाय."
मी म्हणाले, "मला मागं घेता येत न्हाई. अजून शिकले न्हाई."
खोटं नाही. दादांनी रिव्हर्स शिकवलाच नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते बाहेर बघत होते आणि मिशीत हसत होते.
गडी गेला. परत आला. "किसनदादा, तुमी घ्या मागं."
दादा म्हणाले, "गाडी तिची हाय बाबा. तिला इचार."
दहा वाजले. सुंदरबाई आणि वस्तीतल्या सात-आठ जणी आल्या, गाडीच्या सावलीत बसल्या. मंगलपण आली, दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा घराबाहेर. आडावर पाणी भरणाऱ्या बाया घागरी भरून झाल्या तरी हलत नाहीत. त्यातल्या तिघी माझ्या गरोदर बायांच्या यादीतल्या आहेत, एप्रिल, एप्रिल आणि मे. एकीनं पदर सावरून मागच्या काचेतून आत डोकावलं. मी दार उघडून दिलं. तिनं हातानं फळी चाचपली. सासूनं हाक मारली तशी गेली.
साडेदहा. ऊन चढायलंय. दादांनी खिशातून फुटाणे काढले, अर्धे मला दिले.
पारावर आता माणसं वाढलीत. अण्णासाहेब दिसत नाहीत. कुणीतरी फौजदाराला बोलवा म्हणतंय. बोलवा. कागद माझ्या पर्समध्ये आहे.
इंजिन बंद केलं होतं, आता परत सुरू केलंय. आवाज चांगला आहे. बैलगाडी तिथंच. आम्हीपण इथंच.