परिक्रमावासी

परमपूज्य परिक्रमावासी केशवराव,

आता सगळे तुम्हाला असंच म्हणतात. नर्मदेकाठी चालताना मला ताप भरला, तेव्हा तुम्ही मला एका अनोळखी घराच्या ओसरीवर ठेवलं. "थांबलो तर संकल्प मोडेल, अरुंधती," म्हणालात आणि वाटेतल्या प्रत्येक बाईला 'मैया' म्हणत पुढे निघून गेलात. नवरा म्हणे!

त्या घरच्या रेवाबाईने मला पेज भरवली. "बीमारी में तो रुक सकते हैं," ती म्हणाली. "मैया इतनी छोटी थोड़ी है!"

मी बसने नागपूरला परतले. आज मनीषनगरात तुमचा सत्कार आहे. हे पत्र पाठवत नाही. तुम्ही त्याचंही प्रवचन कराल.

आपल्या गार्गीने विचारलं, "आई, तू काहून नाही गेली सत्काराले?"

मी खरं ते सांगितलं. ती उठून दाराला आतून कडी लावून आली.

अरुंधती