डाव्या खांद्याची शिवण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, जन्मभर शिलाईकाम केलेली आणि आता सासूपणावर असलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे. मोतीबिंदू डोळ्यात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असलेच तर माझ्याच मनाचे आहे, त्याचा खुलासा पुढे येईल. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी आणि मी, शर्ट शिवून उभे केले. मास्तर आता नाहीत. रस्त्याकडची शिलाईची खोली सोडून बाकीचे घर मुलाला द्यावे. मुलगा गुणाचा आहे, पण शिंप्याच्या पोटी जन्मून त्याला साधे बटण लावता येत नाही. मोटारसायकलचे भाग त्याने शिलाईच्या खोलीत आणू नयेत.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या मुलीला द्याव्यात. आधीच्या मृत्युपत्रात शिलाई मशीनही तिलाच दिले होते, ते मी मागे घेते. बाळे, रागावू नकोस. तुझ्याकडच्या मशीनवर तू मनीप्लँटची कुंडी ठेवली आहेस. आणखी एका मशीनला पाणी घातलेले मला बघवणार नाही.

कलम ३. मोठी कात्री माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. "वहिनी, दोन मिनिटांत आणून देतो" म्हणून त्यांनी ती नेली आणि त्या कात्रीने पत्रा कापला. जाब विचारला तर म्हणाले, "कात्री ती कात्रीच ना!" आता त्यांनी त्याच कात्रीने कापड कापून दाखवावे. मी बघायला नसेन, पण साक्षीदारांनी अवश्य बघावे.

कलम ४. कपाटातले जर्सीचे सगळे तागे सूनबाईचे आहेत आणि तिचेच राहतील. टी-शर्टचे असते ते मऊ, ताणणारे कापड. सूनबाई त्याचे लहान मुलांचे फ्रॉक आणि झोपायचे कपडे शिवून विकते. हे कापड मला कधी पटले नाही. शर्टाचे कापड सांगितलेले ऐकते. हे ओढले की येते, सोडले की जाते, आणि कापल्यावर कडा गुंडाळून घेऊन बसते. सूनबाई मात्र त्याच्याशी कधी भांडली नाही. आधी धुऊन आटवून घ्यायची, बोथट टोकाची सुई लावायची, कापड न ओढता आपल्या चालीने जाऊ द्यायची आणि बारीक नागमोडी टाका घालायची.

कलम ५. हे कलम लिहायला मी तीन वेळा बसले आणि तीन वेळा चहा करायला उठले.

मास्तर म्हणायचे, "शिवण सरळ तर माणूस सरळ." सूनबाईची नागमोडी शिवण बघून माझ्या डोळ्यात सलायचे. खरे सांगायचे तर सलायचे दुसरेच. बायका दारात येऊन आता मला नाही, तिला हाक मारायच्या. दुपारी ती नातीला शाळेतून आणायला गेली की मी तयार कपड्यांतला एखादा उचलायची, तिचे टाके उसवायची आणि कापड ताणून धरून माझी सरळ शिवण घालायची. घडी घालून होता तिथे ठेवायची. मला वाटे, मी घराची अब्रू राखते आहे.

मग कपडे परत येऊ लागले. "अहो ताई, पोरीच्या डोक्यातून काढताना गळा टचकन उसवला. पहिल्याच दिवशी!" सूनबाई मान खाली घालून कपडा घ्यायची, पैसे परत करायची आणि मला म्हणायची, "आई, माझ्या हाताला यशच नाही." मी म्हणायची, "होईल सवय."

माझा खांदा आखडला तेव्हा तिने मला याच कापडाचा गुलाबी गाऊन शिवला. मी तोही सोडला नाही. उजवा खांदा उसवून सरळ शिवला. डाव्याला हात घालणार तोच ती परत आली. दुसऱ्या दिवशी गाऊन डोक्यातून घालताना उजवी शिवण तटातट तुटली. डावी ताणली गेली आणि पुन्हा जागेवर आली. कापड ताणले की शिवणीनेही ताणायला हवे, एवढे साधे मला जन्मभर शिवून कळले नव्हते. त्या दिवशी आरशासमोर कळले. तरीही मी गप्प बसले.

त्यानंतर मी तिच्या शिवणीला हात लावला नाही. तरी आणखी दोन फ्रॉक परत आले. मला, देवाशपथ, बरे वाटले. म्हटले, सगळेच काही माझे पाप नाही.

आता सूनबाईने काम बंद केले आहे. उद्यापासून ती पॅकिंगच्या कारखान्यात जाणार. मुलगा म्हणतो, "मशीन विकून टाकू, जागा तरी होईल." सबब शिलाईची खोली आणि मशीन, दोन्ही मी सूनबाईला देते.

कलम ६. इथवर लिहून मी पेन ठेवले. मी मेल्यावर हे वाचून तिला काय मिळणार? तिच्या रागाला तोंड द्यायला नको म्हणून मी मरणाच्या आड लपते आहे. मी तिला हाक मारली आणि कलम पाच वाचायला दिले. ती उभ्यानेच वाचत राहिली.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "केर मीच काढते ना. उसवलेल्या दोऱ्यांचे तुकडे रोज दिसायचे."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही एवढी वर्षं शिवताय. तुम्ही उसवताय म्हणजे माझंच वाकडं असणार, असं वाटलं." मग कागदावरच्या त्या दोन फ्रॉकवर बोट ठेवून म्हणाली, "हे मी तुमच्यासारखे सरळ शिवले होते."

मी माफी मागितली. तिने कागद माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. उद्या कारखान्यात जाणार की नाही, ते मी विचारले नाही. विचारायला मला तोंड नाही.

कलम ७. कलम पाचमध्ये दिलेली खोली आणि मशीन माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासूनच सूनबाईची आहेत. मशीन विकायचे नाव मुलाने काढू नये.

कलम ८. मला शेवटी तोच गुलाबी गाऊन घालावा. उजवा खांदा सूनबाईला शिवावासा वाटला तर तिने शिवावा. नाही वाटला तर तसाच उसवलेला राहू द्यावा. दुसऱ्या कोणी त्याला सुई लावू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. सूनबाईला यात वाटा असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
साक्षीदार २: समोरचे चष्मेवाले (सही)

लिहून देणार: सूनबाईची सासू (सही)
दिनांक: नऊ, रविवार
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. शिलाईच्या खोलीत बसायचे तर आता मला सूनबाईला विचारून बसावे लागेल.