बिनसोन्याचं नाव

२ ऑक्टो., सोम.

आज परत तोंड सुटलं.

ग्राउंडवर मंडळाची बैठक होती. खांडेनवमीला खांबपूजा, आणि त्या दिवशी मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर यंदा कुणाचं नाव चढवायचं यावर चर्चा. मी मंडळात नाही. कडंला उभा राहून ऐकत होतो. खो-खोच्या सरांनी शुभांगीचं नाव काढलं. बब्रुवान तात्या अध्यक्ष, भिंतीवरचं सगळ्यात वरचं नाव त्यांचंच. सुपारी गालात सारून म्हणाले, "सर, पोरगी गुणाची हाय, न्हाय कोण म्हणतंय? पर सोनं कुठंय? राष्ट्रीयचं सोनं न्हाय तर नाव न्हाय. ही खो-खोची भिंत हाय, लग्नपत्रिका न्हाय, समद्या भावकीची नावं घालायला."

मी म्हणालो, "तात्या, संत्याचं नाव हाय की वर. आख्खी फायनल बाकड्यावर बसून पाण्याच्या बाटल्या वाटल्या त्यानं."

संत्या समोरच बसलेला. उठला. सर मधे पडले म्हणून, नाहीतर झालंच होतं.

तात्या म्हणाले, "भायेरच्यानं बोलू नये."

बाहेरचा! याच मातीत दहावीपर्यंत ढोपरं सोलून घेतलीत. तालुक्याच्या पुढं गेलो नाही ही गोष्ट वेगळी.

४ ऑक्टो., बुध.

दिवसभर काकाच्या वेल्डिंगच्या दुकानात. एक गेट, दोन खिडक्या. काका ठिणगीपलीकडं बोलत नाही. अण्णा तर मी कॉलेज सोडल्यापासून आईमार्फतच बोलतात. "त्याला इचार, जेवनार हाय का." मी तिथंच ताटावर बसलेला असतो.

धाराशिवच्या रूमवरच्या पोरांचे फोन यायचे आधी बंद झाले, मग मेसेज. शेवटच्या वर्षाचे त्यांचे फोटो बघतो. लाइक करत नाही.

लोकांना सांगतो, प्रॅक्टिकलला कॉलेजच्या सरांशी भांडण झालं म्हणून सोडलं. भांडण झालंच होतं, खोटं नाही. पण त्याच महिन्यात शु. ऑपरेशन करून गावी आली होती, कुबड्या घेऊन, आणि मी शनिवारी आलो तो सोमवारी परत गेलोच नाही. हे कुणाला सांगायचं.

तिचा खेळ आठवत बसलो. खांबाजवळ जाऊन थांबायची. थांबायची म्हणजे खरंच उभी. मागची पोरगी सूर मारायला अंग टाकणार, हात आता लागणार, आणि त्याच घडीला एका पायावर अशी वळायची की ती पोरगी तोंडघशी मातीत आणि ही पलीकडं. सगळं ग्राउंड "आरारारा" करायचं. डावा पाय रोवून वळायची. तोच गुडघा गेला.

पहिल्या खेपेला राज्याच्या शिबिरात. टीम तिला सोडून राष्ट्रीयला गेली आणि सोनं घेऊन आली. पुढच्या वर्षी पट्टा बांधून खेळली, सेमी एकटीनं काढून दिली, रात्रीत गुडघा भोपळ्याएवढा. फायनलला उभी राहता येईना. टीम एका गुणानं हरली. संपलं.

सोनं आलं तेव्हा ती नव्हती. ती होती तेव्हा

७ ऑक्टो., शनि.

सर दुकानात आले. स्टूल ओढून बसले. म्हणाले, "अक्षय, तू गप बसशील तर काम होतंय."

तात्या जरा मऊ झालेत म्हणे. सरांनी त्यांना घरी जाऊन समजावलं. खांडेनवमीच्या आधी अजून एकदा बसायचं ठरलंय.

मी विचारलं, "तिला पाहिजे का पण? का आपणच नाचतोय?"

सरांनी गेटची एक सळई हलवून बघितली. मग म्हणाले, "पाव्हणे बघून गेलेत तिला. जमल्यात जमा हाय. ती मला म्हणाली, सर, उद्या लग्न झालं की बापाचं नाव जाईल, आडनाव जाईल. एका भिंतीवर तरी माझं पुरं नाव ऱ्हाऊ द्या."

पाव्हणे बघून गेलेत.

सर गेल्यावर काकानं दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू नाही आली.

११ ऑक्टो., बुध.

सकाळी चहाच्या टपरीवर संत्या. मुद्दाम मोठ्यानं, "ती नव्हती तरी सोनं आलंच की रं! मग तिच्यावाचून आडलं कुठं?" चार जण हसले. मी ग्लास आपटून निघालो. एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही. मला वाटलं, बघा, सुधारलो.

कसला सुधारतोय.

दुपारी सगळं गाव सोयाबीनला गेलेलं. ग्राउंडवर एक शेळी. दुकानातनं गेटचा काळा ऑइलपेंट आणि अर्ध्या इंचाचा ब्रश घेतला. भिंतीवर शेवटच्या नावाखाली जागा होती. मी लिहिलं. इतकं सुबक अक्षर माझं कधीच आलं नाही. वेलांटीला जरा जास्तच फिरवलं. मागं सरून बघितलं. बघतच राहिलो.

किती दिवसांनी बरं वाटलं. काहीतरी पुरं केलं.

१२ ऑक्टो., गुरु.

मेलो.

सकाळी भिंतीपुढं ही गर्दी. वाटलं, तात्या शिव्या घालतायत, घालू देत. जवळ गेलो तर लोक हसत होते. संत्या एकेक नाव बोटानं दाखवत वाचत होता. बब्रुवान ज्ञानोबा अमुक. संतोष पांडुरंग तमुक. सगळ्यांचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आणि खाली येऊन थांबला, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "शुभांगीऽऽ."

नुसतं शुभांगी. मी तेवढंच लिहिलं होतं. बाप नाही, आडनाव नाही. सरांनी चार दिवसांपूर्वी सांगितलेलं, तरी! लिहिताना कळलंच नाही की अजून काही लिहायचं राहिलंय. माझ्यासाठी तिचं पुरं नाव तेवढंच

कुणीतरी म्हणालं, "आता बाण मारल्यालं बदाम तेवढं काढायचं ऱ्हायलं बघा."

तात्या हसले नाहीत. मला म्हणाले, "रॉकेल आन, फडकं आन, पुस." सगळ्यांदेखत पुसलं. ऑइलपेंट कुठला निघतोय. वरून चुना मारला. वाळल्यावर आतनं करडं दिसतंच आहे.

सर संध्याकाळी दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "तात्या तयार झालते रे," एवढंच म्हणाले. "आता कसं नाव काढू मी? लोक म्हनतील, ह्यो लिवतोय आन मास्तर चढवतोय."

१५ ऑक्टो., रवि. घटस्थापना

पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत आली. दर वर्षी असतो मी. यंदा कुणी टेम्पोत बस म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. वेशीत हलगी वाजायला लागली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो. अनवाणी पाय पळत गेलेले शटरखालनं दिसले.

तिच्याकडं ते पाव्हणे परत आलेच नाहीत म्हणे. आईनं सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "तुझ्यामुळं असं कोन म्हनतंय. पर न्हाय आले."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. आधी दुसरंच काहीतरी वाटलं. मग त्याची लाज.

१९ ऑक्टो., गुरु.

धाराशिवला वेल्डिंग रॉड आणायला गेलो. येताना एसटीत तिचे वडील. महादेव काका कंडक्टर आहेत हे माहीत होतं, तरी त्याच गाडीत चढलो. उतरावंसं वाटलं, पण गाडी सुटलेली.

तिकीट फाडलं, सुट्टे दिले. पुढं गेले. स्टँड सोडल्यावर गर्दी विरळ झाली तशी माझ्या शेजारच्या दांडीला धरून उभे राहिले.

"पोरा, एक इचारतो. ती चांगली खेळायची म्हनून लिवलंस का?"

म्हणालो, "काका, तिच्यासारखं खांबाजवळ कुणीच वळलं न्हाय. मी लई बघितलंय."

"तेवढंच हाय का?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मंग आसं कर," ते म्हणाले, "खांडेनवमीला सगळ्यांपुढं तेवढंच सांग. बाकीचं काय आसंल ते गाडीतच सोड आन मंग उतर." घंटी दिली. एक म्हातारी उतरायची होती.

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाचं मला जमतं.

२३ ऑक्टो., सोम. खांडेनवमी

खांब धुतले, हळदीकुंकू, झेंडूचे हार. नारळ फुटला. यंदा नवीन नाव नाही असं तात्या म्हणाले तेव्हा मी पुढं झालो. शु. मागं बायकांत उभी होती, डाव्या पायावर भार न देता.

मी म्हणालो, "तात्या, सोनं टीमचं असतंय. वळणं तिचं एकटीचं हुतं. आता गावातली एक पोरगी सरळ पळताना दाखवा. सगळ्या खांबाजवळ थांबून वळतात. कुणाचं बघून?"

तात्या म्हणाले, "म्हनूनच उद्या त्यांचे बी गुडघे जायचे." लोक हसले. पण तात्यांनी बोलून झाल्यावर हळूच मान डोलवली. ते मी बघितलं.

मग संत्या. "तात्या, ह्यो खेळावर बोलतोय का पोरीवर, हे आधी ठरू द्या. मंग आपन नावाचं बोलू." आणि माझ्याकडं वळून, "लाव खांबाला हात. आन सांग, तुझं तिच्यावर काय न्हाय म्हनून."

कुणी हसलं नाही. आमच्या ग्राउंडवर हात लागला का नाही लागला असा वाद झाला की खांबाला हात लावून सांगावं लागतं. मग पंचसुद्धा पुढं विचारत नाही. हरणाऱ्या पोरानंही तिथं खोटं बोललेलं मला आठवत नाही. मी स्वतः एकदा जिंकलेला डाव असाच सोडून दिलाय.

सर खाली बघत होते. महादेव काका ड्युटीच्या खाकीतच आलेले, त्यांनी टोपी काढून हातात धरली.

मी हात लावला. कुंकू ओलं होतं.

"न्हाय," म्हणालो. "काय न्हाय. मी फक्त खेळ बघितला."

तात्या म्हणाले, "झालं. आता ह्या पोराचं नाव कुनी मधी घालायचं न्हाय. दिवाळीच्या पाडव्याला बसू आन नुसत्या खेळावर बोलू."

मी तिच्याकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती का, ते आता कुणाला विचारणार.

तळहाताचा रंग साबणानं गेला. मी उगीच घासत बसलो.

२७ ऑक्टो., शुक्र.

शु. दुकानात आली. एकटी, उजेडी, सगळ्या बाजारपेठेला दिसेल अशी. गेटची कडी तुटलेली घेऊन. काकानं माझ्याकडं बघितलं आणि चहाला निघून गेला.

तिच्याशी शेवटचं कधी बोललो होतो आठवत नाही. मनात रोज बोलतो त्यामुळं हिशेब लागत नाही.

म्हणाली, "लई राग आलता तुझा. बापाचं नाव गिळलंस माझ्या."

"व्हय," म्हणालो.

"पाव्हण्यांचं सोड. ते मला बी नको हुते. पर भिंतीचं..." थांबली. मग एकदम, "खांबाला हात लावून बोललास ते खरं ना?"

वेल्डिंगची काच डोळ्यापुढं धरलेली होती. खाली घेतली नाही.

"खरं."

तिनं श्वास सोडला. हलकी झाली, काचेआडनंसुद्धा दिसलं. "बरं झालं बाबा. ज्यो त्यो एक तर कीव करतोय न्हायतर डोळे फाडून बघतोय. गावात एक तरी मानूस पाहिजे हुता, नुसता खेळ बघितल्याला."

कडी जोडून दिली. गरम आहे म्हणालो, तर फडक्यात गुंडाळून घेतली.

"उद्यापास्नं सकाळी ग्राउंडवर ये," म्हणाली. "पोरींना वळायला शिकीवतीय. गुडघ्यावर जोर न येता कसं वळायचं, ते काढलंय मी शोधून. मला पळता येत न्हाय, तू लाग त्यांच्या मागं. तात्यांनी बी येऊन बघू दे पाडव्याच्या आधी."

येतो म्हणालो का नाही, ते नक्की आठवत नाही. पायरी उतरताना आधी चांगला पाय टाकला तिनं, मग दुसरा.

गेलो तर रोज सकाळी तिच्यासमोर तेच खोटं, तोंड न उघडता. तेही त्या खांबाशेजारी. नाही गेलो तर तिला कळणार. आणि पाडव्याला संत्या म्हणणार, बघा, मी म्हणालो नव्हतो? मग तिचं नाव गेलंच.

गेलो तर नाव होईल कदाचित. पुरं. बापासकट.

आई दारातनं विचारतेय, सकाळी उठवू का.

अजून काही बोललो नाही.