हो, ढकललंच त्याने

११ ऑक्टोबर, रविवार

प्रसन्नची टीम हरली, म्हणजे मी जिंकले! मी मुळात कुठल्याच टीमची नाही. नवऱ्याच्या टीमसमोर जो कोणी असेल त्याची. एकवीस वर्षं हेच चाललंय. लग्नानंतर वूस्टरच्या त्या एका खोलीत मी डिपेंडंट व्हिसावर — नोकरी नाही, गाडी नाही — आणि हा रविवारी तीन-तीन तास फुटबॉलला, त्या अमेरिकन, हेल्मेटवाल्या, चिकटलेला. रागारागाने समोरच्यांची बाजू घेतली. मग नियमही शिकले. भांडायचं तर नीट भांडावं ना.

आज रेफरीने पिवळा रुमाल फेकला, प्रसन्नच्या टीमविरुद्ध फाउल. प्रसन्न ओरडला, "आंधळा आहे मेला!" मी म्हटलं, "तुझ्या माणसाने त्याचा शर्ट काय प्रेमाने धरलाय?" नरेंद्र हसून हसून सोफ्यावर लोळला. प्रसन्नच्या ऑफिसातला, नागपूरचा. दर रविवारी आमच्याकडेच पडलेला असतो. "अबे, वहिनींनाच रेफरी करा रे!"

सहा महिने प्रसन्नची केमो चालू आहे, तरी ओरडायला जोर आहे अंगात. मला तेवढं पुरतं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

प्रसन्नने मे महिन्यातच डॉक्टरांना सांगून ठेवलंय — रिपोर्ट बायकोला सांगा, मला आकडे नकोत. सहीसुद्धा केली. तेव्हा वाटलं, किती शहाणा माणूस! आज वाटतंय, सगळं माझ्याच गळ्यात घातलंस की रे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध लागू पडत नाहीये. लिव्हरभर पसरलंय. आता थांबवलेलं बरं, शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या हॉस्पिसवाल्यांशी बोलून घ्या. मी विचारलं, किती? "काही आठवडे. कदाचित ख्रिसमसपर्यंत."

हा बाहेर कॉफी घेऊन बसलेला. "काय म्हणाल्या?"

"औषध बदलणार आहेत. मध्ये दोन आठवडे ब्रेक."

"चला, बरं झालं." आणि गाडीत बसल्यापासून डिसेंबरातली बफेलोविरुद्धची मॅच सुरू. त्यांचा डिफेन्स, आमचा डिफेन्स. श्रूजबरीला घरी पोचेपर्यंत मी भांडत होते. कशी, ते मलाच माहीत नाही.

१६ ऑक्टोबर

केयाला सांगितलं तर ती कॉलेज सोडून कॅरीहून पहिल्या विमानाने येईल, आणि लेकीचा चेहरा बघून त्याला कळेल. कोणाला सांगू? इथे लिहिते. बास.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज टीमला सुट्टी, मॅच नाही. तर हा फ्रिजवरचं वेळापत्रक काढून बसला. नरेंद्रला फोन. मायामी जड जाईल की बफेलो? तासभर! "जानेवारीत प्लेऑफला पोचलो तर तिघांची तिकिटं काढू. सुनेत्रा, तू त्यांच्या बाजूला बस." मी भांडी घासत होते. डिशवॉशर असताना.

त्याने वरणभात दोन घास खाल्ला.

२५ ऑक्टोबर, रविवार

काय केलं मी हे!

शेवटची चार मिनिटं. आमचा माणूस बॉल पकडायला धावला आणि आपल्याच पायात पाय अडकून पडला. समोरच्याने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. रिप्ले तीनदा दाखवला. नरेंद्रही म्हणाला, "नाही बे, आपणच पडला तो." प्रसन्न उठून उभा राहिला, "ढकललं! धडधडीत ढकललं! रुमाल कुठाय?" आणि माझ्याकडे वळला. आता माझी पाळी. मी त्याच्याकडे बघितलं. स्वेटरच्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट एवढंसं. डोळे पिवळे. आणि तोंडातून निघून गेलं, "हो, ढकललंच त्याने."

नरेंद्रने टाळी वाजवली, "वहिनी पटल्या! इतिहासात पहिल्यांदा!"

प्रसन्न हसला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मी पडतो जरा." मॅच संपायची होती. मॅच अर्धी टाकून तो आजवर कधी उठलेला नाही.

२६ ऑक्टोबर

सकाळी चहा ठेवताना मागून आला. "किती दिवस आहेत?"

"कसले?"

"सुनेत्रा."

सांगितलं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग असा भडकला! "तुला एक साधं भांडण करता येत नाही? एकवीस वर्षांत एकदा तरी माझं खरं मानलंस? आणि तेही धडधडीत चुकीचं असताना! मी काय दूधखुळा आहे?" कप आदळला. मग खुर्चीत बसून रडला. मीही. ओट्याजवळ उभी राहून, गॅस चालूच.

त्याला जे ऐकायचं नव्हतं ते मी त्याला चारचौघांत टीव्हीसमोर सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी नाही, मी. माझी जीभ झडायला हवी होती.

२८ ऑक्टोबर

बोलत नाही. हॉस्पिसची नर्स येऊन गेली. केयाला फोन केला. "आई, व्हाय डिडन्ट यू टेल मी?" उद्या येतेय.

१ नोव्हेंबर, रविवार

वाटलं होतं, टीव्ही लावणारच नाही. दुपारी बरोबर एकला प्रसन्नने हाक मारली, "येतेस का?" नरेंद्र दारातच घुटमळत होता, केयाने आत ओढला. पहिलाच रुमाल पडला आणि प्रसन्न माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता भांड. आणि माझ्यावर दया केलीस तर उठून जाईन."

भांडले! नाक वाहतंय, तरी भांडले. तो चुकला तिथे चुकला म्हणाले, बरोबर होता तिथेही चुकला म्हणाले. "बाई, तुला नियम कोणी शिकवले?" "तुझ्याशिवाय आहे कोण?" केया मध्येच, "यू टू आर इन्सेन." तिसऱ्या क्वार्टरला त्याला झोप लागली. मी टीव्ही बंद केला नाही. त्याचा हात धरून शेवटपर्यंत बघितली. सुखात होते मी. लिहायला लाज वाटते, पण होते.

८ नोव्हेंबर, रविवार

पलंग हॉलमध्ये आणलाय. मॉर्फिन. आज फक्त बोट वर केलं — फाउल. मी म्हटलं, "अजिबात नाही."

६ डिसेंबर, रविवार

प्रसन्नला जाऊन आज अठरा दिवस झाले. केया परवा परत गेली. नरेंद्र डबा घेऊन आला, कुठे बसावं ते त्याला कळेना. मीच टीव्ही लावला. समोरच्याने आमच्या माणसाला हेल्मेटला धरून आडवा केला. लहान पोरालाही दिसेल असा फाउल. मी मुद्दाम म्हटलं, "काही नाही, आपणच पडला तो." आणि वाट बघत राहिले.

नरेंद्र खाली बघत म्हणाला, "हो वहिनी. बरोबर आहे तुमचं."