आईच्या तिकिटावरचा डाग

मंगळवार, संध्याकाळ

लेसरचा झोत मधोमध प्रखर, कडेला मंद. आज कॉलेजच्या लॅबमध्ये नवं भिंग लावलं आणि तो सगळीकडे सारखा पडला. खात्री करायला उष्णतेने काळा पडणारा कागद हवा होता, म्हणून आईच्या हातातलं एसटीचं तिकीट घेतलं. आई आज केळझरहून माझी लॅब बघायला आलेली. चौकोनी, एकसारखा काळा डाग! मी तर नाचलोच.

"मायं तिकीट काऊन जाळलं रे? मले ठेवाचं होतं. पहिल्यांदा आली ना मी इथं."

तिकिटात काय ठेवायचं, असं हसून म्हणालो. का म्हणालो?

आई परतीच्या एसटीने गेली. तिकीट माझ्या टेबलावर आहे, त्यावरचं एक अक्षरही आता वाचता येत नाही. जुन्या झोताने फक्त मधलं जाळलं असतं. कडेचं 'केळझर' तरी राहिलं असतं.