दिवेलागणीनंतरचा विस्तव

माय, दुष्काळाच्या साली तू मंठ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होतीस, तिथूनच हे सगळं सुरू झालं. शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायची, कामावरच्या बायकांना मिळणाऱ्या सुकडीच्या आशेने. त्या दिवशी आपल्या गल्लीतली ती उंच बाई कामावर आली ती उजवा हात पदराखाली लपवून. मनगट टम्म सुजलेलं, हातोडा उचलेना. मुकादमाने विचारलं तर म्हणाली, पडले. सगळ्या बायका खाली मान घालून खडी फोडत राहिल्या, कारण आदल्या संध्याकाळी तिचं ओरडणं प्रत्येकीने आपापल्या घरात बसून ऐकलं होतं. तूही ऐकलं होतंस. तू हातोडा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "काल मी ऐकलं, तू ऐकलं, समद्यांनी ऐकलं. अन् आपून काय केलं? भाकरी थापीत बसलो." मग तू तिच्या वाटची खडी फोडायला घेतलीस आणि मला सुकडी द्यायचं विसरलीस. मला त्या वेळी तुझा फार राग आला होता, हेही सांगून टाकते.

त्या काळात काडीपेटी जपून वापरायची. एकीची चूल पेटली की बाकीच्या खापरीत विस्तव न्यायच्या. पण दिवे लागले की कुणी कुणाला विस्तव देत नसे, घरातली लक्ष्मी जाते म्हणून. त्याच आठवड्यात पुन्हा तिच्या घरातून आवाज आला. आपल्या घरी दिवा लागलेला होता, चूल चांगली पेटलेली होती, आणि तू खापरी घेऊन उठलीस. मी म्हणाले, "माय, आता इस्तू मागत न्हाईत." तू म्हणालीस, "दीक्षा घेऊन देव सोडले आपून, मंग ही लक्ष्मी कुठून ऱ्हायली?" मी तुझ्या मागोमाग आले. तू तिच्या दारात उभी राहून अगदी रोजच्या आवाजात म्हणालीस, "बाई, जरा इस्तू दे." आतून तिचा नवरा ओरडला, "आता न्हाई मिळत, घरी जा." तू उंबऱ्यावर बसलीस. "आसूंद्या. बसते जरा." तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राहणारी खाला आली. तुमचं आधी ठरलं होतं की तिने तुला जाताना पाहिलं, मला माहीत नाही. "भाबी, जरा अंगार देव. हमारा चुल्हा बुझ गया." मग तिसरी आली, चौथी आली. अंगणात सात-आठ बायका खापऱ्या घेऊन बसल्या तेव्हा तो माणूस बाहेर आला, हातात काठी, आणि गोंधळून म्हणाला, "गावातल्या काडीपेट्या संपल्या का काय?" तू म्हणालीस, "संपल्या. दुकानात बी न्हाईत." खालाला हसू आवरेना, तिने तोंडावर ओढणी घेतली. एवढ्या बायकांसमोर काठी उचलायची तरी कशी? त्याने ती भिंतीला टेकवली आणि पाराकडे निघून गेला.

पुढे त्याचे नियम झाले. शिव्या द्यायच्या नाहीत, भांडायचं नाही, फक्त विस्तव मागायचा आणि बसायचं. जिला मार बसला तिला काय झालं म्हणून विचारायचं नाही, भाजी काय केली ते विचारायचं. ती स्वतःहून बोलली तर रात्रभर ऐकायचं. गावातल्या चार जाणत्यांनी तुला बोलावून विचारलं की बायका लोकांच्या घरात का घुसून राहिल्यात, तेव्हा तू विचारलंस, "इस्तू मागनं गुन्हा हाये का? तसं आसंल तर सांगा, बिलकुल मागनार न्हाई." नंतर एकदा शहरातून दोन बाया आल्या होत्या, खांद्याला पिशव्या लावलेल्या, फार जीव लावून बोलायच्या. त्या म्हणाल्या, तुमचं हे स्त्रीमुक्तीचं आंदोलन आहे. तू खालाकडे पाहिलंस, खालाने तुझ्याकडे. "आंदोलन आसंल बाई," तू म्हणालीस, "पण आमाला घरी जाऊन सैपाक बी करायचा ऱ्हातो." त्या हसल्या आणि तुझ्या हातची ठेचा-भाकरी खाऊन गेल्या. त्यांनी दिलेलं पत्रक मी तुला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळेला तू मध्येच थांबवून म्हणालीस, "बराबर लिव्हलंय. पन घरचाच मानूस आसंल तर काय करायचं, ते न्हाई लिव्हलं." मला तेव्हा कळलं नाही, तू कुणाबद्दल बोलतेस.

दादाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बाप लवकर गेला, तुला एकच मुलगा, आणि दादावर तुझा किती जीव होता हे मी काय सांगू. मला भाकरी मिळायची तेव्हा त्याला तूप-भाकरी मिळायची. वहिनी तुझ्याबरोबर कामावर येऊ लागली आणि हळूहळू संध्याकाळी खापरी घेऊनही निघू लागली. एकदा ती दादाच्या मित्राच्याच दारात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पारावर तो मित्र दादाला म्हणाला, तुझी बायको माझ्या उंबऱ्यावर बसती, तुला घरात कुणी इचारतं का न्हाई? दादा तसाच घरी आला. तू चुलीपाशी, मी पुस्तक घेऊन कंदिलापाशी. त्याने वहिनीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने तिचं तोंड दाबलं असावं, कारण आपल्याला ऐकू येत होतं ते फक्त धपाधप, आणि मध्ये मध्ये भांडं पडल्यासारखं काही. मी तुझ्याकडे पाहते आहे. तू परातीत भाकरी थापते आहेस. ती तव्यावर टाकतेस, पाणी फिरवतेस, दुसरा उंडा घेतेस. तुझा हात थांबत नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येतो तरी तू ती उलटत नाहीस.

"परसाकडं जाते," मी म्हणाले. तू मान हलवलीस. मी तांब्या घेऊन मागच्या दाराने निघाले, तो कुंपणापाशी टाकला आणि धावत खालाच्या घरी गेले. "आमच्या घरी इस्तू मागायला या," एवढंच म्हणाले. खाला माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने काही न विचारता खापरी उचलली.

मी मागच्या दाराने परत येऊन बसले तेव्हा ती पुढच्या दारात उभी होती. "दुल्हन, जरा अंगार देव." तिच्या मागे आणखी बायका येत होत्या. ती उंच बाईही होती. तुझ्या समोर चूल धडधडत होती, तू बसल्या जागेवरून एक निखारा काढून दिला असतास तरी कुणी काही म्हणालं नसतं. सगळ्या समजून घेणार होत्या आणि उद्यापासून कुणीच कुणाच्या दारात जाणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तू हात पुसलेस. कोपऱ्यातली खापरी घेतलीस, उंबरा ओलांडून बाहेर गेलीस आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिलीस. मग तिथून, स्वतःच्या घराकडे तोंड करून म्हणालीस, "सूनबाई, इस्तू दे गं."

दादा बाहेर आला. "माय, तू?"

"मी शेजारीन हाये. इस्तू न्यायला आल्ते."

तो दारातून बाजूला झाला. वहिनी बाहेर आली, केस सुटलेले, गाल लाल. तिने चिमटा घेतला आणि एकेकीला निखारा दिला. एकही निखारा खाली पडला नाही. सगळ्यात शेवटी तुला दिला. तू अंगणातच बसलीस आणि म्हणालीस, "सूनबाई आत बोलावंल तव्हाच येईन." दादा पाराकडे गेला, बऱ्याच वेळाने परत आला, तू तिथेच. त्याने काही म्हणायला तोंड उघडलं, पण तू त्याच्याकडे पाहिलंच नाहीस. अखेर वहिनी दारात येऊन म्हणाली, "आत्याबाई, या आता, भाकरी गार व्हतीय." त्या रात्री करपलेली भाकरी दादाने खाल्ली.

त्याने पुन्हा कधी हात उचलला नाही असं मी म्हणणार नाही. एकदा उचलला होता, पण वहिनीनेच रिकामी खापरी त्याच्यासमोर ठेवली आणि तो हात तसाच डोकं खाजवायला गेला. अजून ती सांगते तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. दोघं बरी आहेत माय. दादाला आता गुडघ्यांमुळे चालवत नाही, तरी सकाळचा चहा तो करतो आणि फार गोड करतो. माझी नोकरी नीट झाली, नर्सच्या कामात कितीतरी सुजलेली मनगटं पाहिली, आणि "पडले" म्हणणाऱ्या प्रत्येकीजवळ बसून आधी भाजीचं विचारलं. मी सुखात आहे.

तुझ्या शेवटच्या आजारपणात तू एकदा मला जवळ बोलावलंस. खाला नुकतीच येऊन गेली होती. तू जन्मभर सांगत आलीस की तिचे कान फार तिखट, आपल्या आतल्या खोलीतलं तिला तिच्या घरात ऐकू आलं, आणि ती नुसती हसायची. तू माझा हात धरून विचारलंस, "त्या दिशी ह्या बाया आल्या नस्त्या, तर मी उठले आसते का गं?" मी लगेच म्हणाले, "उठली असतीस, माय." तुझा चेहरा मोकळा झाला. तू झोपलीस.

एकटीने उठायला कुणालाच जमत नाही, म्हणून तर इतक्या जणी लागायच्या, आणि तू उठलीस ती पोटच्या पोरासमोर उठलीस. याहून जास्त मी कुणाकडून काय मागू? पण मी तुला सांगितलं ते खरं नव्हतं. तू उठशील असं मला वाटलंच नव्हतं, माय. म्हणून तर मी खालाकडे पळाले होते.