न निघालेलं लेबल

प्रिय चिमणे,

मोबाईलवर बोलताना तुझ्यामागून सारखं कुणीतरी हाक मारतं आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं, म्हणून लिहायला बसले. शाळा तिसरीपर्यंतची, तीही रडतखडत, तेव्हा चुका काढू नकोस.

तर झाला तुमचा करार. परदेशी पाठवलेल्या प्रत्येकाला दर आठ महिन्यांनी घरी यायचं तिकीट कंपनी देणार, पगारही कापणार नाही. आधी गेलेल्यांनासुद्धा लागू. युनियनच्या सेक्रेटरींनी तुला कळवलं असेलच, पण त्यांच्या कागदात ट्रंक नसणार. ती माझ्याकडून ऐक.

गेल्या महिन्यात ते घरच्यांच्या सह्या घ्यायला आले होते. भला माणूस, पण चेहरा पार उतरलेला. चार बैठका झाल्या तरी कंपनीचं एकच पालुपद, मधल्या सुट्टीचं तिकीट आम्ही कधी दिलेलंच नाही, तशी पद्धतच नाही. जुने कागद कुणाकडे सापडेनात. खुर्चीवर माझे शिवायचे कपडे पडलेले, मला तू ओळखतेसच, म्हणून ते बसले तुझ्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर. मी चहा घेऊन येते तर हा माणूस गुडघे टेकून ट्रंकेच्या कडेला नाक लावून बसलेला. मला वाटलं, झुरळ दिसलं.

ते लेबल गं. आजोबा तुझ्याच कंपनीतून परदेशी बॉयलर जोडायला गेले आणि पहिल्या सुट्टीवर घरी आले, तेव्हाचं चिकटलेलं. मी ते चमच्याने खरवडलं, रॉकेल चोळलं, आजोबांना बोल लावले, पण वाचलं कधी नाही. त्यावर छापलंय, ‘मधली रजा. प्रवासखर्च कंपनीकडे.’ खाली कंपनीचा शिक्का.

सेक्रेटरी म्हणाले, ट्रंक बैठकीला न्यायची. मी म्हटलं, आत माझी पांघरुणं आहेत, ट्रंक जाईल तिथे मी. गेले की. कंपनीच्या चकचकीत टेबलावर ट्रंक ठेवली, ओरखडा पडला तो पडलाच. मोठे साहेब म्हणाले, लेबल काय, कुणीही मागाहून चिकटवेल. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

“मग काढून दाखवा,” मी म्हटलं. “मी पन्नास वर्षं खरवडतेय.”

साहेबांनी नख लावून बघितलं बरं का. त्यांचाच कारकून फाइलीआड हसत होता. दोन दिवसांनी सह्या झाल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोबत सेक्रेटरींनी दिलेला फॉर्म आहे. त्यात दोन चौकोन आहेत, तिकीट हवं, की त्याऐवजी रोख. तू आजोबांची नात, तुझं पेन कुठे वळेल ते मला ठाऊक आहे. त्यांनीही दुसऱ्या वर्षी रोखच घेतली, त्यातून माझं शिलाई मशीन आलं. मशीन चांगलं आहे, अजून चालतं. पण पुढे ते घरी आले तेव्हा तुझा बाप माझ्यामागे लपून विचारत होता, हे काका कधी जाणार. तुझी लेक मजेत आहे, खाते, पिते, मला नाचवते. काल मी मोबाईल चार्जिंगला लावला, तर तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, “हळू. आई जेवतेय.” पहिल्या चौकोनात खूण कर.

तुझीच,
ट्रंकवाली आजी